ब्लॅक बेल्ट घेताय? साटीन, कॉटन आणि टोकावरचं नाव

शोदान (पहिला दान, म्हणजे ब्लॅक बेल्टची पहिली पायरी) झाल्यावर घ्यायचा पहिला ब्लॅक बेल्ट सुती घ्यावा, साटीनचा नको. निकाल आधीच सांगून टाकला, कारण दुकानात गेलं की हात साटीनकडेच जातो. साटीनचा काळा जास्त काळा दिसतो, फोटोत चमकतो, त्यावर सोनेरी दोऱ्यानं घातलेलं नाव उठून दिसतं. सुती बेल्ट शेजारी ठेवला तर थोडा मळकट आणि खरखरीत वाटतो. पण बेल्ट अंगावर बांधून घाम गाळायचा असतो, आणि त्या कामात दोघांमधला फरक थोड्याच दिवसांत कळतो. इथे मुख्यतः कराटेचे बेल्ट धरले आहेत. जूडो, तायक्वांदो आणि ब्राझिलियन जिउ-जित्सूचे नियम वेगळे पडतात तिथे ते सांगितले आहेत.

बेल्टचे भाग दोनच: आतला गाभा आणि वरचं आवरण. चांगल्या बेल्टचा गाभा म्हणजे जाड सुती कापडाच्या एकावर एक घड्या. स्वस्त बेल्टमध्ये त्या जागी बकरम किंवा स्पंजची पट्टी असते. ओळखायला सोपं आहे. बेल्ट मधोमध दुमडून दोन बोटांत घट्ट दाबा आणि सोडा. सुती गाभा हळूहळू सरळ होतो. बकरम असेल तर दुमडल्या जागी रेघ राहते, आणि पुढे गाठ नेमकी तिथेच मोडून बसते. स्पंज असेल तर बेल्ट हाताला जाड लागतो पण वजन लागत नाही. असा बेल्ट गाठीत दबून चपटा होतो आणि गाठ ढिली पडते.

मग शिलाईच्या ओळी मोजा. चार सेंटिमीटर रुंदीत आठ ते दहा ओळी असाव्यात, आणि कडेची ओळ काठापासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत असावी. चार-पाचच ओळी असल्या की धुतल्यावर आवरण गाभ्यापासून सुटतं आणि ओळींच्या मधे फुगे येतात. गाभा सुती आणि आवरण पॉलिस्टरचं असेल तर हा प्रकार हमखास होतो, कारण सूत पाण्यात आटतं आणि पॉलिस्टर आटत नाही. आतलं आखूड, बाहेरचं लांब, त्यामुळे बेल्टला पीळ पडतो. तो इस्त्रीनं जात नाही. सुती गाभ्यावर सुती आवरण असेल तर दोन्ही बरोबरीनं आटतात आणि बेल्ट सरळ राहतो.

रंगाची परीक्षा दुकानातच करून घ्या. पांढरा रुमाल ओला करून बेल्टवर आठ-दहा वेळा दाबून घासा. रुमाल फिका करडा झाला तर चालेल, पहिल्या धुण्यात जास्तीचा रंग निघून जातो. रुमाल काळा झाला तर तो बेल्ट पावसाळ्यातल्या दमट हवेत घामानं तुमच्या पांढऱ्या गीच्या (सरावाच्या पोशाखाच्या) कंबरेवर कायमचा पट्टा उमटवणार. गी महाग, बेल्ट स्वस्त. नुकसान कुठे होतं ते बघा.

आता गाठ. साटीन गुळगुळीत असतं, त्यामुळे गाठ धरत नाही. कातामध्ये (ठरलेल्या हालचालींचा क्रम) एकदा जोरात वळलं की सैल, कुमितेत (समोरासमोरच्या लढतीत) दोन अदलाबदलीत सुटली. आंतरराष्ट्रीय जूडो महासंघाच्या नियमांत तर ताठ आणि निसरड्या कापडाचा बेल्ट चालतच नाही. रुंदी ४ ते ५ सेंटिमीटर आणि गाठीच्या दोन्ही बाजूंना २० ते ३० सेंटिमीटर टोक हवं, असं तिथे स्पष्ट आहे. कराटेत जागतिक कराटे महासंघाचा नियम थोडा वेगळा: गाठीपासून किमान १५ सेंटिमीटर टोक मोकळं राहावं, पण मांडीच्या तीन-चतुर्थांशाच्या खाली जाऊ नये.

गाठ सुटण्याचा दोष पुष्कळदा बेल्टचा नसतो, बांधण्याचा असतो. एक टोक पोटावर धरून बाकीचा बेल्ट कंबरेभोवती दोनदा गुंडाळा, दुसरा वेढा पहिल्याच्या बरोबर वर बसला पाहिजे, पाठीवर फुली पडता कामा नये. फिरून आलेलं टोक दोन्ही वेढ्यांच्या खालून वर काढा आणि दोन्ही टोकं ओढून कंबर घट्ट करा. आता एक टोक वर आहे, एक खाली. वरचं टोक खालच्यावरून आडवं नेऊन त्याचा फास करा आणि खालचं टोक त्या फासातून काढा. ओढल्यावर गाठ आडवी बसली, टोकं दोन्ही बाजूंना समान उतरली तर बरोबर. गाठ उभी राहिली, एक टोक आकाशाकडे आणि एक जमिनीकडे गेलं, तर दुसरा फास उलटा पडला आहे. तो सोडून दुसऱ्या बाजूनं घ्या; पुन्हा कितीही घट्ट ओढलीत तरी उभी गाठ टिकत नाही.

सुती बेल्टची खरी किंमत मला इथे वाटते: तो बांधल्यावर काम करतो. गाठ बेंबीच्या दोन-तीन बोटं खाली, कमरेच्या हाडांना धरून बसते. ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) मारताना कंबर आधी फिरली आणि मूठ मागून आली तर बेल्टची टोकं एकदम उडतात आणि मांडीवर आपटून थांबतात. नुसत्या खांद्यानं मारलं तर टोकं लटकलेलीच राहतात. आरशासमोर हे स्वतःला दिसतं, आणि अनुभवी सेन्सेई (शिक्षक) समोर बसून चेहऱ्याकडे बघतच नाहीत, बेल्टच्या टोकांकडे बघतात. झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेल्या लांब पवित्र्यात) पुढे सरकताना गाठ वर-खाली होत असेल तर उंची बदलते आहे, गाठ एका बाजूला कलली असेल तर कंबर तिरकी आहे. बकरमचा ताठ बेल्ट हे दाखवू शकत नाही, त्याची टोकं हवेत खुंट्यांसारखी उभी राहतात. सुती बेल्ट आठवड्याला तीन-चार सरावांत वापरला तर दोन-तीन महिन्यांत मऊ पडतो आणि तेव्हापासून कामाचा होतो.

साटीनचं आकर्षण चमकेपुरतंच नाही, ते झिजण्याचंही आहे. साटीनच्या विणीत दोरे वरून लांब-लांब तरंगत असतात. गीच्या शिवणीला, मॅटच्या खरखरीत बाजूला, ग्लोव्हच्या वेल्क्रोला ते अडकतात आणि तुटतात. गाठीच्या जागी सगळ्यात आधी, मग काठांवर. काळं आवरण विरलं की आतला पांढरा गाभा दिसू लागतो. विरलेला, पांढरा पडत चाललेला ब्लॅक बेल्ट बघितला की बघणाऱ्याच्या मनात आपोआप वर्षं मोजली जातात: याचा सराव खूप झालेला दिसतो. बरेच जण साटीन घेतात ते याचसाठी. रोज सराव करणाऱ्याचा साटीन बेल्ट दोन-तीन वर्षांत विरून वीस वर्षांचा दिसू शकतो, आणि जाड सुती बेल्टवाला दहा वर्षं घासूनही काठावर थोडा करडा पडलेला असतो. म्हणजे विरलेला बेल्ट कापडाबद्दल बरंच सांगतो, माणसाबद्दल फार थोडं. काही विक्रेते मुळातच झिजवलेले बेल्ट विकतात, काही जण पॉलिश पेपरनं घरीच काठ घासतात. त्यावर पैसे घालू नका. घासून काढलेली झीज सगळीकडे सारखी असते. वापरातली झीज गाठीपाशी आणि जिथे दुसरा वेढा पहिल्यावर घासतो तिथे असते. जुन्या माणसाला ती लांबूनही कळते.

आधी पांढरा असलेला बेल्ट न धुता घामानं आणि धुळीनं काळा होत गेला, ही गोष्ट क्लासमध्ये मुलांना आवडीनं सांगतात. ती इतिहास म्हणून धरू नये. जूडोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, पुढच्याच वर्षी पहिल्या दोघांना शोदान दिला, आणि काळा बेल्ट हा दान मिळवलेले कोण आणि बाकीचे कोण हे दिसावं म्हणून आला. कराटेनं ही पद्धत जूडोकडून घेतली. शोतोकान शैलीचे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी पहिले कराटे दान दिले ते १९२४ मध्ये. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा अशी लांब शिडी त्यानंतर युरोपात रुळली, आणि त्यात पॅरिसला जूडो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांचा वाटा मोठा. इतक्या रंगांमुळे मधल्या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी हातात पडतं. मुलं टिकतात हा फायदा. रंगच ध्येय होतो हा तोटा.

म्हणून बेल्टची किंमत लावताना त्याच्यासोबत येणाऱ्या परीक्षेचीही लावा. पुष्कळ क्लासमध्ये परीक्षेची फी, सर्टिफिकेट आणि बेल्ट असा एकच आकडा सांगतात. त्यातला बेल्ट बहुधा सगळ्यात स्वस्त प्रकारचा असतो, बकरमवाला. बेल्ट वेगळा घेतला तर चालेल का, असं विचारायला काहीच हरकत नाही. साधा सुती ब्लॅक बेल्ट बाजारात काही शे रुपयांत मिळतो. नाव घातलेला जपानी बेल्ट, म्हणजे ओकिनावाच्या शुरेइदो किंवा टोकियोच्या तोकाइदो यांचा, टपाल आणि कस्टम धरून काही हजारांत जातो.

परीक्षेबद्दल विचारायचं ते असं. सर्टिफिकेटवर कोणत्या संस्थेचं नाव आहे, आणि दानची नोंद तिच्या मुख्य कार्यालयात होते की फक्त क्लासच्या वहीत? परीक्षक बाहेरचा असतो की रोजचे सरच? मागच्या परीक्षेत किती जण नापास झाले? शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. कोणीच कधी नापास होत नसेल तर तुम्ही परीक्षेचे नव्हे, समारंभाचे पैसे भरत आहात. दहा पायऱ्या आणि दर तीन महिन्यांनी एक परीक्षा असा हिशेब केला तर अडीच वर्षांत ब्लॅक बेल्ट येतो. आठवड्याला दोन तास धरले तर साधारण २६० तास, त्यातून शाळेच्या परीक्षा आणि सुट्ट्या वजा. एवढ्यात क्रम पाठ होतो, हिकिते (दुसरा हात कमरेपाशी मागे ओढणं) आणि कंबर एका वेळी लागत नाही. शोतोकानच्या जपान कराटे असोसिएशनकडे शोदानला बास्साई-दाई, कांकू-दाई, जिऑन, एम्पी, हांगेत्सु यांतला एक काता स्वतः निवडायचा असतो आणि शिवाय परीक्षक हेइयान-तेक्की या सुरुवातीच्या कातांतला कोणताही काढून देऊ शकतो. तयारी कुठे कमी आहे ते या दुसऱ्या कातात उघडं पडतं. निवडलेला काता घोटून आणता येतो; तीन वर्षांपूर्वी शिकलेला हेइयान सांदान अचानक समोर आला की त्यातलं पाऊल अडखळतं.

तायक्वांदोच्या पालकांसाठी वेगळी सूचना. कुक्कीवोनच्या (तायक्वांदोच्या मुख्य संस्थेच्या) पद्धतीत १५ वर्षांखालच्या मुलाला दान नव्हे, पूम (मुलांसाठीची दानच्या जागची पायरी) मिळतो, आणि पूमचा बेल्ट अर्धा लाल, अर्धा काळा असतो. दहा वर्षांच्या मुलासाठी पूर्ण काळा बेल्ट विकत घेऊ नका. स्पर्धेत तो काढायला सांगतील आणि मुलाला सगळ्यांसमोर वाईट वाटेल. पहिल्या दानातून दुसऱ्याला किमान १ वर्ष, तिथून तिसऱ्याला २, चौथ्याला ३ असं अंतर ठरलेलं आहे. जिउ-जित्सूत तर ब्लॅक बेल्टसाठी किमान वय १९, आणि बहुतेकांना तिथे पोचायला दहाएक वर्षं लागतात. त्या बेल्टच्या टोकाला वेगळ्या रंगाची पट्टी असते, तिच्यावर पांढऱ्या टेपच्या रेघा चिकटवतात. कराटेच्या दुकानातला ब्लॅक बेल्ट तिथे चालणार नाही, पट्टी आहे का ते बघून घ्या.

तुम्ही स्पर्धा खेळत असाल तर आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांप्रमाणे मैदानावर एकाचा बेल्ट लाल, दुसऱ्याचा निळा. त्यावर नाव, दानच्या रेघा काही चालत नाही. तुमचा नाव घातलेला काळा बेल्ट तेव्हा बॅगेत असतो. समोरच्यानं ८ गुणांची आघाडी घेतली की सामना संपतो, मग तो शोदान असो की सांदान (तिसरा दान). स्पर्धक यश मोजतो ते या फलकावर: युको १, वाझा-आरी २, इप्पोन ३. अशा खेळाडूनं पहिले पैसे चांगल्या लाल-निळ्या जोडीवर घालावेत, तीही सुती, साधारण ५ सेंटिमीटर रुंद, टोकं नियमात बसणारी. आपल्याकडच्या पालकांनी हेही ध्यानात ठेवावं की राज्य सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं. ब्लॅक बेल्टचं सर्टिफिकेट तिथे कामाला येत नाही. “ब्लॅक बेल्ट झाला की कोट्यातून नोकरी” असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे शासन निर्णय मागा.

आणि जे स्पर्धा सोडून वीस-पंचवीस वर्षं सराव करत राहतात, त्यांच्या बोलण्यात बेल्ट क्वचितच येतो. गुडघा अजून किबा-दाचीत (घोडेस्वारासारख्या पवित्र्यात) बसू देतो का, समोरच्याचा हल्ला सुरू होण्याच्या क्षणी आपण आत शिरू शकतो का, आपण शिकवलेलं पोर दहावीनंतर परत क्लासला आलं का, या गोष्टी येतात. कोदोकानमध्ये सहाव्या ते आठव्या दानला लाल-पांढरा बेल्ट आणि नवव्या-दहाव्याला लाल बेल्ट आहे, तरी त्यातले अनेक जण रोजच्या सरावाला साधा काळाच बांधतात. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान तर बेल्टशिवायच यश मोजतो: मैदानात कुणाला चितपट केलं, आणि चांदीची गदा खांद्यावर आली का.

आता नाव घालण्याचं. यात सगळ्यात जास्त चुका होतात आणि नाव घातलेला बेल्ट परत घेत नाहीत. साधारणपणे एका टोकावर स्वतःचं नाव, दुसऱ्यावर संस्थेचं किंवा शैलीचं. कोणतं डावीकडे आणि कोणतं उजवीकडे याची पद्धत संस्थेगणिक बदलते, म्हणून ऑर्डरआधी सेन्सेईंना विचारा. अक्षरं टोकापासून ४-५ सेंटिमीटर सोडून सुरू व्हावीत आणि गाठीपाशी पोचायच्या आत संपावीत. लांब आडनाव असेल तर भरलेला भाग गाठीत जातो, तिथे दोरा कडक असल्यानं गाठ बसत नाही आणि दोन-तीन महिन्यांत दोरा तुटतो. भरतकाम आवरण शिवण्याआधी केलं असेल तर मागची बाजू स्वच्छ राहते. तयार बेल्टवर मशीन चालवलं असेल तर दोरा गाभ्यातून आरपार जातो, मागे गुंता दिसतो आणि तो भाग लाकडासारखा ताठ होतो. “आधी भरणार की नंतर” हे दुकानदाराला विचारलं की तो लगेच सांगतो.

देवनागरीत नाव हवं असेल तर हौसेनं घाला, छान दिसतं, पण नमुना कागदावर खऱ्या मापात मागवा. चार सेंटिमीटर रुंदीत वर-खाली जागा सोडून अक्षराला जेमतेम अडीच सेंटिमीटर उरतात, आणि त्यात वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही बसवायचे. ‘कृष्णा’ किंवा ‘ज्ञानेश्वर’ यांतली जोडाक्षरं दोऱ्यानं भरून येतात आणि नुसता सोनेरी ठिपका दिसतो. शिरोरेघ शिलाईच्या ओळीवर आली तर ती वाकडी दिसते. जपानी कातकानात (परकी नावं लिहायच्या लिपीत) नाव घालणार असाल तर लिप्यंतर जपानी येणाऱ्याकडून तपासून घ्या, यंत्रावर विसंबू नका. ‘ळ’ आणि ‘ण’ तिथे नाहीत, त्यामुळे काळे आणि काले एकच होतात, आणि ‘भ’चा ‘ब’ होणारच.

माप घेताना नुसती कंबर मोजू नका. गी घालून, बेल्ट बसतो त्या जागी, टेप फिरवा. त्याची दुप्पट करा आणि ८० सेंटिमीटर मिळवा. ८४ आलं तर २४८, म्हणजे २५० किंवा २६० चा बेल्ट. नाव नीट दिसायला हवं असेल तर पुढचं माप. नंबरवर जाऊ नका, एका कंपनीचा ४ नंबर २६० चा असतो आणि दुसरीचा २८० चा, सेंटिमीटर विचारा. आटण्यासाठीही जागा ठेवा. तीन टक्के आटला तरी २६० मधले जवळजवळ ८ सेंटिमीटर जातात.

बेल्ट धुऊ नये, त्यातलं बळ जातं, असं अजूनही ऐकू येतं. धुवा. घामाचा बेल्ट गुंडाळून बॅगेत ठेवला तर कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवसांत भुरी धरतो आणि वास कापडात मुरतो. साध्या थंड पाण्यात, थोड्या साबणानं, बाकी कपड्यांपासून वेगळा. पिळायचा नाही, दोन टॉवेलांत दाबून पाणी काढायचं. दोरीवर लटकवलात तर ओल्या वजनानं मधे ताणला जातो, म्हणून सावलीत आडवा पसरून वाळवा. रोजच्या सरावानंतर धुतला नाही तरी गाठ सोडून मोकळा ठेवा.

साटीनचा घ्यायचाच असेल तर दुसरा बेल्ट म्हणून घ्या, प्रात्यक्षिकं, बक्षीस समारंभ आणि फोटोसाठी. त्यावर खर्च करायची उत्तम वेळ म्हणजे दुसरा दान (जपानीत ‘निदान’). तोपर्यंत संस्था तीच राहणार की बदलणार हे ठरलेलं असतं, आणि टोकावर कुणाचं नाव घालायचं ते पुन्हा उसवावं लागत नाही.